मारामारी अंधारात, वसुली उजेडात

चारठाणा गावातल्या जुन्या देवळांचे खांब ज्यांनी कोरले, त्यांना एक सोय नव्हती. 'आत्ता कसाबसा उभा करू, नीट कोरलेला नंतर वेगळा विकू,' असं त्यांना म्हणता येत नव्हतं. जपानी अ‍ॅनिमेवाल्यांना येतं.

गावातलं लेकरू मोबाइलवर 'जुजुत्सु कायसेन' ही अ‍ॅनिमे मालिका लावतं. त्यातले सुकुना आणि महोरागा ऐन भरात भिडतात आणि चित्र काळवंडतं, हातांमागे धुरकट सावल्या ओढल्या जातात. लेकरू ब्राइटनेस वाढवतं, मग नेटवर्कला शिव्या देतं. आई म्हणते, डोळे गेले तुझे. डोळे, मोबाइल, नेटवर्क, सगळे निर्दोष! कारण जुनं आहे.

16 डिसेंबर 1997 ला 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानात सुमारे 685 मुलं दवाखान्यात पोहोचली. 1998 मध्ये वाहिन्यांनी नियम केले. तेव्हापासून झगमगती दृश्यं प्रसारणाआधी मंद करतात, चौकटी एकमेकींत मिसळतात. याबद्दल तक्रार नाही. कुणाला फिट यावी इतकी कुठलीच मारामारी भारी नसते. विकायच्या ब्लू-रे डिस्कला हे बंधन नाही, म्हणून तिच्यावर तीच लढत लख्ख दिसते.

पण काळजीच्या या पांघरुणाखाली आळसही झोपलेला असतो. 2015 मध्ये 'ड्रॅगन बॉल सुपर'च्या पाचव्या भागात गोकू आणि बीरस असे वेडेवाकडे लढले, की जगभर हसं झालं. दर आठवड्याला भाग द्यायचा, मग हात कुठे आणि कोपर कुठे हे कोण बघतो? डिस्क आली तेव्हा चित्रं सुधारली होती. म्हणजे चित्रकार होते, वेळ नव्हता. आणि वेळेचं बिल गिऱ्हाइकाला! जपानात बऱ्याचदा एकेका डिस्कवर दोन-तीन भाग आणि किंमत हजारो येन.

चारठाण्यात ती मागवून लावायची कशावर? घरातला डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला, आणि असता तरी त्यावर ब्लू-रे चालली नसती. अ‍ॅपवर मात्र बहुतेक वेळा टीव्हीचीच मंद प्रत असते.

तेव्हा अ‍ॅपवाल्यांनो, सुधारलेली चित्रं जुन्यांच्या जागी टाका. लखलखती प्रत ठळक इशारा देऊन वेगळी ठेवा. वर्गणी आम्ही पूर्ण भरतो, मारामारीही पूर्ण दाखवा.