चिवड्याचे कुळशील

भाजक्या पोह्यांच्या चिवड्याने जर्मनीच्या हद्दीत पाऊल ठेवावे, अशी आकांक्षा बाळगणाऱ्या व्यापाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की युरोपीय संघाच्या २०११ सालच्या ११६९ क्रमांकाच्या फर्मानात रुचीविषयी अवाक्षर नसले, तरी पदार्थाचे कुळशील मात्र कसून विचारलेले आहे. शेंगदाणे, तीळ, मोहरी आदी १४ ॲलर्जीकारक संशयितांपैकी जे पाकिटात हजर असतील त्यांची नावे ठळक छापावीत. सामान्य आकाराच्या पाकिटावर अक्षरांतील छोट्या ‘एक्स’ची उंची १.२ मिलिमीटरहून कमी नसावी. दर १०० ग्रॅममागे मेद, साखर, मीठ यांचा तपशील रुजू करावा. आणि संघाच्या मुलखातील आयातदाराचा नाव-पत्ता जामीन म्हणून द्यावा. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, ही गोष्ट आपल्या पंगतीत कोणी काढत नाही. तिथे ती जर्मन भाषेत, पांढऱ्या चिकटपट्टीवर, ठसठशीत कबूल करावी लागते. या सक्तीने एखाद्याचा जीव वाचतो, हे निर्विवाद. परंतु इतक्या दिव्यांतून पार पडलेला चिवडा फ्रँकफुर्टातील आपला बांधव पट्टीकडे ढुंकूनही न पाहता बशीत ओततो आणि पहिला घास घेताच विचारतो, ‘‘कांदा कुठाय?’’