रोहिणीवर आळ

दरवर्षी २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि विदर्भात नवतपा लागतो. कालपर्यंत जे नुसतं ऊन होतं, त्याला एका रात्रीत कुळगोत्र मिळतं. ‘सूर्य आग ओकणार’ हा मथळा गेल्या वर्षीच्या फायलीतून निघतो आणि कोणत्या राशीने माठ दान करावा, कोणत्या राशीने छत्री, याचे सल्ले सुरू होतात. घामाघूम माणसालाही जरा बरं वाटतं, कारण आपण नुसते शिजत नाही आहोत, खगोलीय घटनेत सहभागी आहोत. त्यात हे संकट तिथीवार लिहून दिलेलं, नऊ दिवसांनी संपणारं. वीजकपातीचं वेळापत्रकसुद्धा इतकं भरवशाचं नसतं.

या सगळ्यात रोहिणीची बाजू मात्र कोणी ऐकून घेत नाही. ही बाई आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षं दूर. नवतप्यात ती सूर्याच्या पलीकडे, त्याच्या झगमगाटात बुडालेली असते. गच्चीवर गादी टाकून पडलेल्या माणसाला चित्रा दिसेल, स्वाती दिसेल, पूर्वेला दिवेलागणीच्या सुमारास उगवणारी तांबडी ज्येष्ठाही दिसेल, पण रोहिणी दिसणार नाही. म्हणजे आरोपी घटनास्थळी कधी कोणाला दिसलेलाच नाही. पुराणात ती चंद्राची लाडकी. सूर्याशी तिचं नातं पंचांगापुरतं. खरं कारण अक्षरशः डोक्यावर आहे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य तिथे बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. दिवस लांब, हवा कोरडी, ढग नाहीत. एवढ्यावर कोणतंही गाव तापतं, मग सूर्यामागे रोहिणी असो की रिकामं आभाळ. देशातला नोंदलेला सर्वाधिक पारा, राजस्थानातल्या फलोदीचा ५१ अंश, १९ मे २०१६ चा आहे. तेव्हा सूर्य रोहिणीत नव्हता, कृत्तिकेत होता. (कृत्तिकेची देवता अग्नी, हे ज्योतिषीबुवा आता लगेच सांगतील. त्यांच्याकडे कोणत्याही तारखेला एक देवता शिल्लक असतेच.)

यावर पहिला आक्षेप येतो तो शेतकऱ्याच्या नावाने: नक्षत्रं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आहेच की. चांद्र महिने वर्षाला अकरा दिवस मागेपुढे होतात, अधिक मास घालून सांभाळावे लागतात. त्यापेक्षा सूर्याच्या नक्षत्रांवर पेरणी बेतणं कितीतरी शहाणपणाचं. पण ते कॅलेंडर झालं, कारण नव्हे. शिवाय हे कॅलेंडरही हळूहळू सरकतं. पृथ्वीचा अक्ष डुलतो म्हणून सूर्याचा रोहिणीप्रवेश साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जातो. दोन हजार वर्षांपूर्वी तो एप्रिलच्या अखेरीस होत होता. आणखी दोन हजार वर्षांनी जूनच्या उत्तरार्धात होईल. त्या वेळी नवतप्याला लोक रेनकोट घालून माठ दान करतील.

दुसरा आक्षेप अधिक चलाख, त्याला विज्ञानाची फोडणी असते. जमीन तापली की कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो पाऊस ओढतो, म्हणून नवतपा तापला तर पीकपाणी चांगलं, गळला तर वर्ष गेलं. यातलं पहिलं अर्ध खरं आहे. पण जमीन मार्चपासून तापत असते आणि पावसाचं गणित हिंदी महासागर, प्रशांत महासागरातला एल निनो असे पुष्कळ जण मिळून मांडतात. नऊ दिवसांच्या हजेरीवर ते सुटत नाही. २०२५ मध्ये मोसमी वारे नवतप्याच्या मुहूर्तावरच, २५ मेला, कोकणात दाखल झाले आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत ते इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही. नवतपा गळाला, दुसरं काय! नियमाप्रमाणे दुष्काळ पडायला हवा होता. देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला आणि सप्टेंबरात मराठवाड्याची शेतं पाण्याखाली गेली.

राहता राहिला प्रश्न, यात बिघडलं काय? श्रद्धेने मनाला गारवा मिळत असेल तर मिळू द्या. मिळू द्यावा, पण हा गारवा सगळ्यात जास्त कोणाला मिळतो ते पाहावं. ऊन ग्रहांनी पाठवलं म्हटलं की तोडलेल्या झाडांचा, मध्यरात्रीपर्यंत धगधगणाऱ्या सिमेंट रस्त्यांचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. रोहिणीवर अविश्वास ठराव आणता येत नाही, ही तिची महापालिकेच्या दृष्टीने मोठीच सोय. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्या शहराने शांती केली नाही. २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आगाऊ इशारे, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी असा. तेव्हा येत्या २५ मेला माठ जरूर दान करा, तहानेल्याला तो उपयोगी पडतोच. आणि त्याच दिवशी आपल्या प्रभागात बसथांब्यावर छप्पर का नाही, दुपारी बारा ते चार बांधकामावर मजूर का आहेत, हेही विचारा. रोहिणीला नव्हे, महापालिकेला.