निळं काही आहे का?

जून उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत डेझर्ट बोर्ड, म्हणजे मिठायांनी गच्च भरलेली फळी, सजवणाऱ्या एका काकूंचा भाव वधारतो. कुणाचं ना कुणाचं पोर हायस्कूल संपवत असतं. परसात तंबू ठोकला जातो, सामोसे आणि पावभाजीची ऑर्डर एडिसनच्या ओक ट्री रोडवर जाते आणि यजमानीण फोन करते, "काकू, डेझर्ट बोर्ड तुमच्याकडे हं!" फोन नाही आला, तर काकूच करतात.

मुलगा पुढे काय शिकणार, हे त्या विचारत नाहीत. "शाळेचे रंग कोणते?" निळा आणि सोनेरी म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. सोनेरीचं अडत नाही. आंबा बर्फी आहे, बेसनाचे लाडू आहेत. निळं मात्र देवाने खाण्यात ठेवलेलंच नाही. ब्लूबेरी काय त्या, आणि त्याही बर्फीशेजारी काळ्याच दिसतात. मग एम अँड एमच्या थैल्या फोडून निळ्या गोळ्या वेचायच्या. उरलेल्या सगळ्या रंगांची सोय काकांकडे. डॉक्टरांना काकांची शुगर दर उन्हाळ्यातच का चढते, ते अजून उमगलेलं नाही.

पण काकूंचा खरा जीव टोप्यांत. रीसेसचा छोटा पीनट बटर कप उलटा ठेवायचा, त्यावर चॉकलेटची चौकोनी वडी चिकटवायची, मधोमध एक निळी गोळी आणि तिच्याखालून लोंबणारा गोंडा. झाली पदवीची टोपी! परवा एका भाबड्या मदतनिसाने गोंडे उजवीकडे लावले. काकूंनी सगळे उपटले. "उजवीकडे समारंभाआधी! आता तो पास झालाय ना? मग डावीकडे!" एवढ्यात कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांत एका मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. टोप्यांची रवानगी लगेच दूरच्या टेबलावर, त्यांचा चिमटाही वेगळा. इतकं सोवळं काकूंच्या सासूबाईंनीही पाळलं नसेल.

चॉकलेट चौतीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि जूनची एखादी दुपार तिथवर पोचते. त्यामुळे तंबूची सावली सरकेल तसं काकूंचं टेबल सरकतं. पावभाजीच्या रांगेतून गेलं तरी चालेल.

फोटो होईपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही. उत्सवमूर्तीने स्ट्रॉबेरीकडे हात नेला, तेव्हा "तू थांब रे, मध्ये येतोयस" म्हणून त्यालाच फ्रेमबाहेर काढलं. फोटो झाल्यावरही काकू चिमटा घेऊन उभ्याच. कुणी पेढा उचलला की त्या जागी लगेच लाडू सरकतो, लाडवाच्या जागी द्राक्षं. बोर्ड आतल्या आत आकसत जातो, पण भोक म्हणून पडत नाही. शेवटी वीतभर उरतो, तोही गच्च. उशिरा आलेल्यांना वाटतं, कुणी काही खाल्लंच नाही! मग ते संकोचाने केक घेतात.

निघता निघता पुढच्या शनिवारच्या यजमानीणबाईंनी काकूंना गाठलं. त्यांच्या शाळेचा रंग मरून.

"सोप्पं आहे की!" मागून काका उत्साहाने म्हणाले. "गुलाबजाम!"

"पाक वाहतो," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या हातात एम अँड एमची थैली दिली. "घरी गेल्यावर लाल तेवढ्या वेचा, बाकीच्या खाऊन टाका."