सात वजाबाक्या, दादर स्लो

परिसरातल्या कॉलेजांतले गणिताचे शिक्षक आणि विद्यार्थी यांची दोन दिवसांची परिषद भरवायचं ठरलं, आणि पहिल्याच बैठकीत नऊ समित्या स्थापन झाल्या. बैठकीला माणसं पाच होती. खोकी पाच आणि कबुतरं नऊ असतील तर निदान एका खोक्यात दोन कबुतरं येणारच, हे आम्ही दरवर्षी एफवायच्या पोरांना शिकवतो. माझ्या खोक्यात तीन आली: स्थळ, भोजन आणि हार-बुके.

कॉलेजच्या सभागृहाला दुरुस्तीची परांची लागलेली होती आणि ती उतरण्याची तारीख सांगायला कंत्राटदार तयार नव्हता. तेव्हा एका शनिवारी लेक्चर्स आटोपून आम्ही पाचही जण हॉल बघायला निघालो. विभागप्रमुख मॅडम ॲनालिसिस शिकवतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू होतं. स्टॅटिस्टिक्सचे सर कुठलीही संख्या अधिक-उणे लावल्याशिवाय उच्चारत नाहीत. टोपॉलॉजीचे सर पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे. चहाचा कप आणि मेदूवडा यांच्यात तत्त्वतः काही फरक नाही असं ते मानतात, म्हणून त्यांना भोजन समितीपासून लांब ठेवलं होतं. पाचवा टीवायचा एक पोरगा, विद्यार्थी प्रतिनिधी. तो रोज डोंबिवलीहून येतो, म्हणजे उभं राहून विचार करण्याची सवय असलेला आमच्यातला तो एकटाच.

चर्नी रोडला उतरून पूल ओलांडला तर समोर चौपाटी. मॅडम लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी थांबल्या. टिळक १८७७ साली डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि पुढे गणित शिकवतही होते, हे स्मरणिकेच्या प्रस्तावनेत घ्यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. स्टॅटिस्टिक्सचे सर म्हणाले, मग दादाभाई नौरोजींनाही घ्या, ते १८५५ साली एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. देशाच्या राजकारणाला गणिताच्या शिक्षकांनी एवढी माणसं पुरवली आणि बदल्यात आपल्याला एक हॉल मिळू नये, यावर वाळूत उभं राहून बराच वेळ चर्चा झाली. पोरगा तोवर शांतपणे भेळ खात होता.

गिरगावातल्या एका वाडीतलं मंगल कार्यालय कुणीतरी सुचवलं होतं. लाकडी जिना, भिंतीवर गेल्या पिढीतल्या देणगीदारांची नावं, आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेले मॅनेजर. त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, “मुलाकडचे की मुलीकडचे?”

“गणिताकडचे,” मॅडम म्हणाल्या.

“असू द्या. पानं किती?”

“दीडशे, अधिक-उणे वीस,” स्टॅटिस्टिक्सचे सर.

मॅनेजरांनी चष्मा खाली घेतला. “साहेब, अधिक-उणे इथे चालत नाही. गॅरंटी पानं सांगायची. वर लागली तर जादा पैसे, कमी आली तरी पैसे तेच.”

सरांनी त्यांना विश्वसनीय अंतराल समजावून सांगायचा प्रयत्न केला. मॅनेजरांनी त्यांना, श्रीखंड ठेवलं की पानं वाढतात, हे समजावलं. माझ्या मते दोघांत मॅनेजरांचं प्रतिमान अधिक सरस होतं, त्यामागे चाळीसेक वर्षांचं निरीक्षण दिसत होतं. मुहूर्त कितीचा, या प्रश्नाला मॅडमनी दीपप्रज्वलन साडेनऊचं असं सांगितलं. शेवटी ‘पानं नक्की झाली की फोन करा’ यावर बोलणं थांबलं.

मंगल कार्यालयात परिषद म्हणजे जरा उतरल्यासारखं होईल, अशी कुरकूर टोपॉलॉजीच्या सरांनी जिन्यातच सुरू केली. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीने आपली दुसरी परिषद १९१९ साली याच मुंबईत भरवली होती, त्या परंपरेचं काय, वगैरे. त्यांना उत्तर दिलं मॅडमनी. १९५६ मध्ये टीआयएफआरने झीटा फंक्शन्सवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला, आत्ले सेल्बर्ग आपलं गाजलेलं ट्रेस सूत्र घेऊन आले, तेव्हा संस्थेला कुलाब्याची आजची इमारत कुठे होती? ती १९६२ची. तोपर्यंत त्यांचा संसार गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होता. “होड्यावाल्यांच्या क्लबात झीटा फंक्शन चालतं, तर लग्नाच्या हॉलमध्ये ग्राफ थिअरी चालेल,” मॅडम म्हणाल्या. ते वाक्य ‘समजा’शिवाय आलं, यावरून त्या किती चिडल्या होत्या ते कळावं.

पुढचा मुक्काम लालबाग. चर्नी रोडहून लोअर परळ आणि तिथून चालत करी रोड, असा बेत. परगावच्या पाहुण्यांसाठी रस्त्यांचा नकाशा बनवायची जबाबदारी पोराकडे होती आणि तो इथेच अडकला होता. लोअर परळ पश्चिम रेल्वेवर, नुसतं परळ मध्य रेल्वेवर. परळच्या जोडीला पलीकडे प्रभादेवी, जे २०१८पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं आणि टोपॉलॉजीच्या सरांच्या तोंडी अजून आहे. दोन्ही मार्ग एकमेकांच्या शेजारून हाकेच्या अंतरावर धावतात, युक्लिडने सांगितल्यासारखे न भेटता, आणि शेवटी दादरला भेटतात. खरं तर तिथेही भेटत नाहीत. शेजारी शेजारी उभे राहतात, भेटतात ती पुलावर चेंगरणारी माणसं. नाशिकहून येणाऱ्या एखाद्या साध्या बीजगणितज्ञाला हे पत्रातून कसं कळवायचं? पोराने नकाशाखाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं: ‘कृपया लोअर परळवरून परळचा अंदाज बांधू नये.’

लालबागला काम दोन: चिवडा आणि तारीख. चिवडा गल्लीत शिरताना मसाल्याच्या दुकानांवरून वारा आला आणि समितीतल्या चौघांना एकदम शिंका आल्या. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी त्यांना स्वतंत्र घटना मानायला नकार दिला. दुकानदार मोठा माणूस निघाला. दीडशे अधिक-उणे वीस माणसांना दोन दिवस चहाबरोबर किती चिवडा लागेल, असं मी विचारलं, तर त्याने उलट विचारलं, “माणसं बोलणारी की ऐकणारी?” ऐकणारा माणूस सतत खातो, बोलणाऱ्याला फुरसत नसते. दोन्ही, म्हटल्यावर त्याने पोत्याकडे एकदा आणि आमच्याकडे एकदा बघून आकडा सांगितला आणि वर बजावलं, “मास्तर, शेंगदाणे वेगळे घ्या. शिकलेली माणसं आधी शेंगदाणे वेचतात.”

तारखेबद्दल त्याचं मत आणखी ठाम होतं. मॅडमच्या मनात आलं होतं ते सप्टेंबर. तो नुसता हसला. १९३४ पासून इथे राजा बसतो, त्या दिवसांत मुंगीसुद्धा रांगेशिवाय हलत नाही. रांग म्हटल्यावर टोपॉलॉजीच्या सरांना हुरूप आला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांगने १९०९ साली रांगांचं गणित मांडलं, पण त्याच्या टेलिफोनवाल्यांना थांबण्याचा कंटाळा येत असे. इथे नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि जी जास्त वेळ घेते तिचं पुण्य जास्त. मग सिद्धांत लागू कसा व्हायचा? यावर एखादा निबंध मागवावा असं ठरलं, आणि परिषद डिसेंबरवर गेली. २२ डिसेंबर म्हणजे रामानुजनांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. त्या दिवशी राज्यातल्या सगळ्याच कॉलेजांना वक्ते हवे असतात आणि वक्ते तेवढेच असतात, हा पुन्हा कबुतरांचाच प्रश्न, फक्त उलटा.

टोपॉलॉजीच्या सरांना आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांना परळला एक हॉल बघायचा होता, म्हणून तिथून आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘दादरला एक नंबरवर भेटू’ असं ठरलं. इथे घात झाला. पूर्वी दादरला पश्चिमेचा एक वेगळा आणि मध्यचा एक वेगळा होता. एकाच क्रमांकाचे दोन फलाट. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने हे फंक्शन वन-वन करून टाकलं. पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवले आणि मध्यचा एक झाला आठ, तीन झाला नऊ, चार झाला दहा, असं करत आठाचा चौदा. दोनला डोमेनमधून काढूनच टाकलं, कारण एक रुंद करायचा होता. काम चोख आहे, व्याख्या स्पष्ट आहे, फक्त वापरणाऱ्यांची पिढी बदलेपर्यंत थांबावं लागेल. मॅडम आणि पोरगा पश्चिमेच्या एकवर. सर ज्याला एक म्हणतात त्या आठवर. स्टॅटिस्टिक्सवाले पुलाच्या मध्यभागी, कारण दोन्ही शक्यतांची सरासरी तिथे येत होती. सापडले तेच आधी.

सगळे जमल्यावर ‘प्रकाश’मध्ये पियूष आणि साबुदाणा वडा मागवला. परळचा हॉल कुठल्या तरी जुन्या गिरणीच्या आवारात निघाला, आणि त्याच्या भाड्यापुढे आमचं नोंदणी शुल्क म्हणजे जवळजवळ शून्य. मॅडमच्या भाषेत, एप्सिलॉन. दादरचे हॉल नाटकवाल्यांनी, वधूवर मेळाव्यांनी आणि क्लासवाल्यांनी आधीच वाटून घेतलेले. हिशेब असा लागला की गिरगावच्या कार्यालयात दोन दिवसांपैकी दीडच दिवस परवडतो. उरलेली एक दुपार कुठे घालवायची?

तेव्हा पोराने तोंड उघडलं. “सर, लोकलमध्ये.”

डोंबिवलीकरांना आपल्या स्टेशनाचा एक गुप्त अभिमान असतो. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना १, १२१, १२३२१ या घराण्यातल्या संख्यांची कल्पना सुचली ती डोंबिवली स्टेशनात. स्टेशनाला तेव्हा डेमलो म्हणत, म्हणून त्या डेमलो संख्या. प्रिन्स्टन नाही, गॉटिंगेन नाही, जीआयपी रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. पोराने हे आम्हाला आधीही बरेचदा ऐकवलं होतं. नवीन होतं ते पुढचं. कापरेकरांनीच १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडलेली गंमत: चार अंकी कुठलीही संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत.

“आणि सीएसएमटीहून स्लो पकडली,” पोरगा म्हणाला, “की सातवं स्टेशन दादर.”

मॅडमनी बोटांवर मोजलं. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनीही मोजलं, आणि पहिल्यांदाच अधिक-उणे लावलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी रंगीत तालीम. समांतर सत्र म्हणून टीवायच्या मुली महिला डब्यात, आम्ही बाकीचे शेजारच्या जनरल डब्यात, पोराच्या हातात वही. संख्या घेतली १६४५, कारण कार्यक्रमपत्रिकेत समारोप पावणेपाचला होता. मशीदला ५०८५. तिथे गोण्या घेऊन काही मंडळी चढली आणि गर्दी झाली. सँडहर्स्ट रोडच्या आत वाद पेटला: ५०८५ चे अंक चढत्या क्रमाने लावले तर सुरुवातीला शून्य येतं, ते धरायचं की सोडायचं? खिडकीपाशी बसलेल्या एका गृहस्थाने निकाल दिला. शून्य म्हणजे चौथ्या सीटवरचा माणूस. नुसता टेकलेला असतो, पण असतो. ०५५८ वजा, ७९९२. भायखळ्याला ७१७३. आता निम्मा डबा पेन काढून बसला होता. कुणी पासचा नंबर घेतला, कुणी मोबाइलचे शेवटचे चार आकडे. चिंचपोकळी ६३५४, करी रोड ३०८७, परळ ८३५२. ज्यांचं ६१७४ आधीच आलं होतं ते पहिले आल्यासारखे इकडेतिकडे बघत होते.

मशीदला चढलेले एक काका मात्र लाल झाले होते. त्यांनी आपल्या स्कूटरचा नंबर घेतला होता, ७७७७. जास्तीचे पैसे भरून मिळवलेला. उलट मांडा, सुलट मांडा, पहिल्याच वजाबाकीला शून्य.

“सगळे अंक सारखे असले तर चालत नाही, काका,” पोरगा म्हणाला. “तेवढा अपवाद आहे.”

“मग आधी सांगायचं! आणि शून्य आलं तर बिघडलं कुठे? तुमचं सात स्टेशनांत येतंय, माझं एकात आलं.”

दादर आलं. पोराच्या वहीत ६१७४ होतं, मुलींच्याही. टोपॉलॉजीचे सर गर्दीत आत सरकले ते थेट माटुंग्याला उतरले. काका मात्र आमच्याबरोबर दादरला उतरले आणि फलाटावर त्यांनी मॅडमना गाठलं. परिषद कधी आहे, फी किती, आणि बाहेरच्या माणसाला शून्यावर बोलायला दहा मिनिटं मिळतील का? मॅडमनी पर्समधून पावतीपुस्तक काढलं. शिक्षक, विद्यार्थी, इतर, अशा तीन रकान्यांपैकी तिसऱ्यात खूण केली आणि पावती क्रमांक एक फाडून दिली.

मी गिरगावच्या मॅनेजरांना फोन लावला. म्हटलं, गणिताकडून बोलतोय, एक पान पक्कं झालं.