शंभराचे साडेबारा

निगडी प्राधिकरणातले आमचे शेजारी काका टेल्कोतून निवृत्त झालेले. उभी हयात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळण्यात गेली. जॉब दोन मायक्रॉनने चुकला तरी रिजेक्ट. अशा माणसाला इंटरनेटवाल्यानं गाठलं. प्लॅन 100 एमबीपीएसचा, आणि पिक्चर उतरवताना स्क्रीनवरचा आकडा 12 च्या पुढे हलेना. काकांनी निकाल देऊन टाकला : मापात पाप!

पाप नाही, पण गोम आहे. प्लॅन विकताना कंपनी बिट मोजते, फाइल उतरवताना कॉम्प्युटर बाइट मोजतो, आणि 8 बिटांचा एक बाइट. 100 भागिले 8, साडेबारा. इंग्रजीत बिटाचा बी लहान, बाइटाचा मोठा, एवढाच फरक. चष्मा न लावता सही केली की बारा वाजलेच. जोडणीला आलेल्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "काका, राऊटर बंद करून चालू करा." या एका मंत्रावर अख्खा धंदा उभा आहे.

त्यानंच फोनवरच्या वायफायच्या रेघा दाखवल्या : "नेट फुल आहे की!" अहो, त्या रेघा फोन आणि राऊटर यांच्यातला जिव्हाळा सांगतात. पुढची केबल रस्ताखोदाईत जेसीबीनं उपटली असली, तरी रेघा फुलच.

राहिली बँडविड्थ आणि लॅटन्सी. त्यांची शिकवणी चाकणच्या तळेगाव चौकात फुकट मिळते. एका दमात किती गाड्या निघतात, ती बँडविड्थ; तुमची गाडी पलीकडे पोचायला किती वेळ लागतो, ती लॅटन्सी. पहिल्या पाळीचा कामगार दोन्ही रोज कंपनीच्या बसमध्ये बसून भोगतो. डिसेंबर 2022 मध्ये महिंद्राच्या चाकण कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रानं फाइव्ह-जी बसवल्याचं जाहीर झालं. एकाच वेळी अनेक गाड्यांत सॉफ्टवेअर भरता येऊ लागलं. तीच गाडी फाटकाबाहेर पडली की चौकात उभी!

सरकारनंही व्याख्येत औदार्य दाखवलंय. 512 केबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँड, असा नियम जानेवारी 2023 पर्यंत होता. आता किमान 2 एमबीपीएस लागतात. म्हणजे शंभराचे पैसे घेऊन दोनच पदरात टाकले, तरी सरकारदरबारी ते ब्रॉडबँडच. तेव्हा वाचकहो, नवं कनेक्शन घेताना जास्तीत जास्त किती, हे विचारू नका. कमीत कमी किती देणार, ते लेखी मागा.