लाइनअपताई

मीरा-भाईंदरमध्ये नोकरी शोधणारा माणूस आणि माणूस शोधणारी कंपनी यांच्या मधोमध लाइनअपताई उभी असते. गाळ्याच्या पाटीवर 'एचआर सोल्युशन्स' आणि व्हिजिटिंग कार्डावर 'टॅलेंट अॅक्विझिशन स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं असलं, तरी सोसायटीने नाव पाडलं ते तिच्या तोंडच्या शब्दावरून. 'उद्या अकराचा लाइनअप आहे हं, झेरॉक्स आणि दोन फोटो विसरू नका!' शांतीनगरच्या एखाद्या सेक्टरात, ब्यूटी पार्लर आणि मोबाइल रिपेअरिंगच्या मधल्या गाळ्यात ती सापडते. दोन फोन, एक लॅपटॉप आणि न थकणारा गळा एवढ्या भांडवलावर ती मालाडच्या कॉल सेंटरपासून भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना माणसं पुरवते.

धंद्याचं गणित सोपं आहे, वसुली तेवढी अवघड. माणूस लागला की कंपनी त्याच्या वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के देते, म्हणजे एका महिन्याचा पगार. पण तीन महिन्यांच्या आत तो पळाला तर दुसरा फुकट द्यायचा, अशी अट बहुतेक करारांत असतेच. त्यामुळे नव्वद दिवस ताईला त्या पोराची त्याच्या आईपेक्षा जास्त काळजी. जेवलास का, साहेब ओरडतो का, गावाला लग्नाला जाणार असशील तर किती दिवस?

सासरे अण्णा गिरणीतून निवृत्त झालेले. हा सगळा कारभार ते खुर्चीतून बघतात. त्यांच्या वडिलांच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. गावचा, नात्यातला माणूस तोच लावायचा आणि त्याची दस्तुरी घ्यायचा. या लाचखोरीला आळा घालायला मालकांच्या संघटनेने १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली. "सूनबाई, तू जॉबरच," अण्णा म्हणतात, "फक्त दस्तुरी कामगाराऐवजी मालक देतो." ताईला हे मुळीच पटत नाही. जॉबरला एक्सेल कुठे येत होतं?

ताईचं एक्सेल हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. 'शेरा' या रकान्यात मनुष्यस्वभावाचे सगळे नमुने भेटतात. 'ट्रेनमध्ये आहे म्हणाला, मागे कुकरची शिट्टी.' 'आजी वारली (दुसऱ्यांदा).' 'ऑफर घेतली, ती जुन्या साहेबाला दाखवून पगार वाढवून घेतला.' 'विरार लोकलमध्ये चढला, भाईंदरला उतरू दिलं नाही, वसईहून फोन.' हा शेवटचा शेरा मात्र ती बिनतक्रार मान्य करते.

दुसरा रकाना पालकांच्या शंकांचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथून अमेरिकनांना लुबाडलं जात होतं, आणि शेकडो पोरापोरींना पोलिसांनी ताब्यात घेतलं. तेव्हापासून 'इंटरनॅशनल प्रोसेस' असा शब्द काढला की फोनवर आधी आईच येते. "कंपनी खरी आहे ना हो ताई? पोलीस नाही ना येणार?"

अशा ताईच्या आयुष्यात ट्रेनिंग आलं. अंधेरीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्रासह. पहिल्या दिवशी बूलियन सर्च. जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या 'अँड', 'ऑर', 'नॉट'वर आज भाईंदरचे अकाउंटंट शोधले जातात. भाईंदरचं इंग्रजी स्पेलिंग लोक दोन-तीन तऱ्हांनी करतात, ती सगळी 'ऑर' लावून कंसात घातली की डेटाबेसमध्ये दडून बसलेली माणसं वर येतात, हे ताईला कळलं तेव्हा तिला बिस्किटंही गोड लागेनात. रात्री घरी येऊन तिने नणंदेच्या मुलासाठी स्थळांचा शोध लावला : पदवीधर अँड (दहिसर ऑर बोरिवली) नॉट मंगळ.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीचं शास्त्र. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून, माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज कशावरून येतो, ते मांडलं. अनुभवाची वर्षं आणि काम यांचा मेळ जेमतेम ०.१८. गप्पा मारत घेतलेल्या मुलाखतीचा ०.३८, सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण देत घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरहिशेब केला तेव्हा आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत पहिल्या नंबरावर गेली. ताईने वहीत लिहिलं : 'प्रसंग विचारा. तुम्ही काय केलंत? परिणाम काय झाला?'

पुढचा आठवडा घरच्यांना जड गेला. सोसायटीच्या नव्या वॉचमनला तिने रात्री दोन वाजता गेटवर दारुडा आला तर, हा प्रश्न पाच गुणांसाठी विचारला. भाजीवाल्याला 'नाराज गिऱ्हाईक तुम्ही कसं हाताळलंत?' असं विचारल्यावर त्याने जुडीवर मूठभर कोथिंबीर ठेवली आणि म्हणाला, "असं." त्याला पैकीच्या पैकी.

खरी कसोटी लागली भांड्यांच्या कारखान्यावर. शेठची मागणी नेहमीचीच : अकाउंटंट, टॅली येणारा, दहा-बारा वर्षांचा अनुभव, स्मार्ट. एरवी ताईने 'हो शेठ' म्हणत दहा बायोडाटे धाडले असते. या वेळी ती वही घेऊन कारखान्यात गेली आणि विचारलं, "आधीचा का गेला?" शेठ जरा घुटमळले. मग निघालं, की पत्र्याची खरेदी निम्मी गुजरातेतून होते आणि जीएसटीच्या नोंदी चुकून दर महिन्याला सीएची बोलणी खावी लागतात. म्हणजे शेठना हवा होता बिल बघून नोंद करणारा माणूस. स्मार्टपणा जाहिरातीपुरता होता.

ताईने लॅपटॉपवर टॅली उघडून ठेवलं, शेजारी अहमदाबादचं एक बिल. "एवढी एंट्री करा." बारा वर्षांच्या अनुभवाचे गृहस्थ सराईत हाताने नऊ टक्के सीजीएसटी, नऊ टक्के एसजीएसटी टाकून मोकळे झाले आणि त्यांनी चहा मागवला. उत्तनहून आलेली, वर्षभराच्या अनुभवाची मुलगी बिलाकडे बघत राहिली. "मॅडम, पार्टी गुजरातची आहे ना? मग आयजीएसटी लागेल. अठरा." शेठ म्हणाले, "पण अनुभव?" ताई म्हणाली, "०.१८, शेठ." शेठना वाटलं, ती पगार सांगतेय.

मुलगी लागली, आणि नव्वद दिवसांनी ताईचं बिलही निघालं. मग ट्रेनिंगवाल्या संस्थेचा फोन आला : अॅडव्हान्स्ड कोर्स आहे, आज नाव नोंदवलं तर सवलत. ताईने वही उघडली. "सर, तुमच्या ट्रेनिंगने एखाद्या रिक्रूटरचं काम सुधारलं, असा एक प्रसंग सांगा. तुम्ही नेमकं काय केलंत? परिणाम काय झाला?" पलीकडून थोडी खरखर ऐकू आली. "मॅडम, मी ट्रेनमध्ये आहे, मेल करतो."

ताईने रकान्यात शेरा टाकला आणि पुढचा नंबर लावला.