टाकी अ, टाकी ब

बाविसाव्या दिवशी सकाळी आईनं चहाचा कप ठेवला, दोन्ही टाक्यांत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "उठले का रे मासे?"

टाक्यांत मासे नव्हते. हे माझं तिला आधीच्या एकवीस सकाळी सांगून झालं होतं. दिवा होता, पंप होता, तळाला वाळू होती, आणि मी रोज ड्रॉपरनं अमोनियाचे थेंब मोजून सोडत होतो. पाहुणे आले की आई त्यांना टाक्यांकडे पाठ करून बसवायची. वास येतो म्हणून नव्हे. मुलाचं काय सांगायचं म्हणून.

टाकी अ मध्ये मी ४५० रुपयांची बॅक्टेरियाची बाटली ओतली होती. टाकी ब मध्ये काही नाही. बाकी सगळं सारखं. ह्याला शास्त्रात कंट्रोल म्हणतात, हे मी सोसायटीतल्या प्रत्येकाला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं होतं. आमची लिफ्ट हळू आहे. चौथा मजला येईपर्यंत नायट्रोजनचं चक्र एकदा पूर्ण फिरायचं.

मला हा नाद लागला तो दुकानदारामुळे. "सर, आज बाटली ओता, आजच मासे सोडा," तो म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे म्हणाला, "३० रुपयांचा तर मासा. मेला तर दुसरा न्या."

१९७८ साली वडिलांनी आम्हाला काचेच्या बरणीत एक गोल्डफिश आणून दिला होता. पाचव्या दिवशी तो आडवा होऊन तरंगला. घरात चौकशी बसली. अध्यक्ष मी, वय वर्षं ११. निकाल लगेच लागला: धाकटीनं जास्त खायला घातलं. ती सहा वर्षांची होती. दोन दिवस ती नीट जेवली नाही, आणि पुढे कित्येक वर्षं कुणी मासे पाळायचा विषय काढला की उठून आत जायची. नव्या बरणीतला मासा आपल्याच कल्ल्यांतून सुटणाऱ्या अमोनियात होरपळतो, हे चौकशी समितीच्या अध्यक्षांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर ते फाइल बंद करून मोकळे झाले होते.

तर मामला असा. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू असतात. नायट्राइटही विषच. ते खाऊन नायट्रेट करणारे दुसरे असतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की भागतं. ही वसाहत आपली आपण बसायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण मंडळी भलतीच निवांत. पोटातला ई. कोलाय सगळं मनासारखं असलं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. ह्यांना अर्धा-एक दिवस तरी पाहिजे. शिवाय ह्यांना बीजाणू करून झोपी जाणं जमत नाही. म्हणजे मे महिन्यात दुकानाच्या काचेत उन्हं खात बसलेल्या बाटलीत कोण जिवंत असेल, देव जाणे. काही बाटल्यांत बॅसिलस असतात. ते झोपतातही छान आणि उठतातही छान, पण ते तळाचा गाळ खाणारे. प्लंबर बोलवावा आणि सुतार यावा तसं. योग्य जातीचे, थंडाव्यात ठेवलेले, जिवंत जिवाणू असतील तर बाटली काम करते, ह्यात वाद नाही. वाद आहे तो "तर" ह्या शब्दाबद्दल.

विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं हे जिवाणू १८९० च्या सुमारास वेगळे काढले. पुढे शंभरेक वर्षं दुसऱ्या पायरीचं श्रेय नायट्रोबॅक्टरला मिळत राहिलं. मग १९९८ मध्ये होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत ते काम नायट्रोस्पायरा करतो. काम एकाचं आणि सत्कार दुसऱ्याचा. हे वाचताना मला आमचं ऑफिस आठवून गहिवरून आलं.

पण माझी खरी अडचण विज्ञानाची नव्हती, रंगांची होती. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, आणि जो रंग येईल तो कार्डावरच्या चौकोनांशी जुळवायचा. अमोनिया पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत, नायट्राइट आकाशीपासून जांभळ्यापर्यंत. माझ्या लेखी जगात रंग सात, त्यांतले दोन शंकास्पद. शेवटी हिला बोलावलं. हिनं नळी खिडकीशी धरली आणि म्हणाली, "हा पोपटी नाही. पोपटीत थोडी हळद पडलीय." मी वहीत लिहिलं: पोपटी, हळदयुक्त. दुसऱ्या दिवशी कोवळी कैरी. नायट्राइट चढू लागलं तसं प्रकरण बहरलं. सोमवारी गोकर्ण, बुधवारी जांभूळ, शुक्रवारी वांगी. "वांगी म्हणजे दशलक्षात किती भाग?" मी विचारलं. "ते मला माहीत नाही," ही म्हणाली, "पण वन्संच्या बारशाला मला जी नेसवली होती ना, तिचा काठ." मी म्हणालो, तू मला पाहिलंसुद्धा नव्हतंस तेव्हा, वन्संचं बारसं कुठलं? मग ते वन्संच्या मुलाचं बारसं निघालं, साडी कुणी दिली ते निघालं, त्या बदल्यात आपण काय दिलं तेही निघालं, आणि नळीतलं पाणी सिंकमध्ये गेलं. त्या दिवशीच्या रकान्यात वहीत नुसतं "काठ" एवढंच आहे.

तर बाविसावा दिवस. टाकी अ: नायट्राइट अजून वांगी. टाकी ब: अमोनिया शून्य, नायट्राइट स्वच्छ आकाशी. बाटलीवाली टाकी मागे, फुकटची पुढे! मी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर निवेदन टाकलं, आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या आणि तो कागद घेऊन दुकानदाराकडे निघालो. चपला घालत होतो तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, त्या ब मध्ये मी थोडं पिळलं होतं."

"काय पिळलं होतं?"

"खालच्या काकूंच्या टाकीतला स्पंज. आठवड्यापूर्वीच... नाही, दोन आठवडे झाले. एकीला औषध आणि एकीला काहीच नाही, बरं दिसतं का ते? काकू म्हणाल्या, नऊ वर्षांचा फिल्टर आहे, ह्यातलं पाणी पिळ. विरजण लावल्यासारखंच आहे, त्यात काय."

त्यात काय! बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीहून भरवशाचं ते हेच: जुन्या टाकीच्या स्पंजावरचा तपकिरी गाळ. हे मी स्वतः लिफ्टमध्ये दोघांना सांगितलेलं होतं. त्यांतल्या एक त्या काकूच असाव्यात.

आलेख घडी करून खिशात ठेवला. ग्रुपवरचं निवेदन पुसायला गेलो, तर त्याखाली सतरा अंगठे होते. राहू दिलं.

रात्री धाकटीला फोन केला. ती आता आजी आहे. म्हटलं, "अगं, तो गोल्डफिश तुझ्यामुळे नव्हता मेला. मी उगाच तुझ्यावर ढकललं." आणि मग तिला कल्ले, अमोनिया, चार ते सहा आठवडे, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रडते की काय.

"दादा," ती म्हणाली, "पण मी खरंच भात घातला होता रे. मूठभर."

आता भात कुजला तरी त्याचा अमोनियाच होतो. हे तिला सांगावं की नाही, ह्याचा मी विचार करत होतो.

"तूच तर म्हणाला होतास," ती म्हणाली, "घाल म्हणून. तुला सुद्धा एक मूठ घालायची होती, म्हणून आधी तू घातलीस."